देव नाही असे म्हणणाऱ्याला गावात जागा

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि गावकरी मंडळी,

कोणाच्या धार्मिक भावना दुखावल्या की गुन्हा झालाच, अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. ज्या कलमाचा आधार घेऊन ही समजूत पसरली आहे, ते कलम मात्र तसे म्हणत नाही. लाहोरच्या एका प्रकाशकाने प्रेषित महंमदांविषयी काढलेल्या पुस्तिकेवरून खटला झाला, उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले आणि त्यानंतर उसळलेल्या क्षोभातून 1927 साली भारतीय दंड संहितेत 295-अ हे कलम आले. त्या वेळी कायदेमंडळात बोलताना खुद्द जिनांनी बजावले होते की, धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना आणि इतिहास लिहिणाऱ्यांना संरक्षण मिळालेच पाहिजे. म्हणूनच अपमान बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेला असावा, ही अट कलमात आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवले, ते याच अटीच्या आधारावर. हेतू नसताना किंवा निष्काळजीपणाने झालेला अपमान त्यात बसत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आता भारतीय न्याय संहितेच्या 299व्या कलमातही तीच अट कायम आहे.

कायदा बोलणाऱ्याचा हेतू विचारतो. ठाण्यासमोर मात्र किती माणसे जमली हे पाहिले जाते. गुन्हा दखलपात्र असल्यामुळे पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात, आणि शासनाची मंजुरी लागते ती पुढे, न्यायालयाने प्रकरण हाती घेण्याच्या वेळी. तोवर मोबाईलवर दोन ओळी लिहिणारा पोरगा कोठडीत जाऊन आलेला असतो आणि त्याच्या बापाची सालदारी सुटलेली असते. खटला पुढे टिकला नाही, तरी त्या घरापुरती शिक्षा भोगून झालेली असते.

यावर कोणी म्हणेल की, वऱ्हाडात असे बोलणे कधी चालतच नव्हते. हे खरे नाही. शेणगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी याच मुलखात, याच बोलीत, हजारोंच्या गर्दीपुढे दगडाच्या देवाला, नवसाला आणि बोकडाच्या बळीला प्रश्न विचारले. ते प्रश्न असे रचलेले असत की उत्तर समोरच्या श्रोत्याच्याच तोंडून निघे, आणि एकदा आपणच दिलेल्या उत्तरावर रागवायचे तरी कसे? बाबा नास्तिक नव्हते, देवकीनंदन गोपालाचा गजर करीत होते, ही हरकत रास्त आहे आणि मी ती मान्य करतो. पण आज त्यांचेच प्रश्न, गजर वगळून, एखाद्या विद्यार्थ्याने चावडीवर विचारले तर काय होईल, हे आपण सगळेच जाणतो. शब्द तेच असताना माणूस बदलला म्हणून गुन्हा ठरत असेल, तर आपण शब्दांचा न्याय करीत नाही, बोलणाऱ्याच्या वजनाचा करतो. आणि ते वजन आपल्या गावांत बऱ्याचदा जातीवरून आणि वावराच्या आकारावरून ठरते.

माझ्या नास्तिक मित्रांनाही एक सांगायचे आहे. देवाची टिंगल करणारे चित्र मोबाईलवर पुढे पाठवून गाडगेबाबांचे नाव घेणे सोपे आहे. बाबा बोलण्याआधी दिवसभर गाव झाडत असत, हे मात्र सोयीने विसरले जाते. तरीही, हातात खराटा नसणे हा फौजदारी गुन्हा नव्हे. असभ्य बोलण्याला पारावर तोंडावर उत्तर द्यावे, हवे तर चार दिवस बोलणे टाकावे. पण त्यासाठी ठाण्याची पायरी चढू नये.

सेवाग्राम इथून दूर नाही. तिथे आंध्रातले गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, 1944 साली गांधीजींना भेटले आणि पुढे काही काळ आश्रमात राहिले. रोज दोन वेळ प्रार्थना होणाऱ्या जागी हा माणूस उघडपणे देव नाकारत होता आणि ज्याची सारी उमर रामनामात गेली तो यजमान त्याच्याशी वाद घालत होता. गांधीजींना राग आला नसेल असे मी म्हणत नाही. त्यांनी गोरांना निघून जायला सांगितले नाही, एवढे मला पुरेसे वाटते.

खेड्यात नास्तिकता बहुधा भाषणात दिसतही नाही. आईची तेरवी न करण्यात, कंदुरीची पंगत नाकारण्यात, नोंदीच्या कागदावर धर्माचा रकाना कोरा सोडण्यात ती दिसते. राज्यघटनेच्या 25व्या कलमातले सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य यालाही लागू आहे, आणि आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा नागरिकाचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने 2014 साली मान्य केला आहे. तेरवी टाळणाऱ्यावर कोणी खटला भरत नाही; त्याच्या घरचे आमंत्रण बंद होते, त्याच्या वावरात मजूर येत नाहीत. जात पंचायतीने किंवा समाजाने असे केले, तर 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, परंतु शेजाऱ्याविरुद्ध तक्रार द्यायला किती घरे धजतील?

म्हणून गावोगावच्या तंटामुक्ती समित्यांना माझी एक मागणी आहे. भावना दुखावल्याची तक्रार आली की पोराला मारुतीच्या देवळापुढे उभे करून त्याच्या माफीचा व्हिडिओ काढायचा, ही रीत बंद करावी. त्याने नेमके काय लिहिले ते पूर्ण वाचावे, ते मूळात किती जणांनी वाचले होते आणि किती जणांना ते नंतर मुद्दाम दाखवण्यात आले हे विचारावे, आणि मग त्याला व तक्रारदाराला याच वाचनालयात एक संध्याकाळ द्यावी. तक्रारदार आला नाही, तरी पोराला बोलू द्यावे.