लूप म्हणजे भवचक्र नव्हे

मंडळी, विषय 'व्हिडिओकलेतलं भवचक्र', म्हणजे बौद्धांचं जन्ममरणाचं चक्र, असा जाहीर झालाय आणि शेवटी मला अजिंठ्याला पोचायचंय. पण त्याआधी एक तक्रार. प्रदर्शनात 'संसारचक्र' म्हटलं की चार मिनिटांची फाइल लूपवर, म्हणजे संपली की पुन्हा पहिल्यापासून, लावलेली दिसते. सगळी मेहनत जोड लपवण्यात जाते. एमपी३ मध्ये सुरुवातीला थोडी शांतता भरली जाते, म्हणून दर फेरीला आवाज अडखळतो. त्यापेक्षा वेव्ह फाइल वापरा. पण जोड दिसला नाही तरी मूळ चूक राहतेच. लूपची तिसरी फेरी दुसरीमुळे घडत नाही, दोन्ही एकाच फाइलमधून येतात. बुद्ध सांगतात ते वेगळं: हे असेल तर ते होतं. मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात नागसेन भिक्खू दिव्यावरून दिवा लावण्याचा दाखला देतात. ज्योत पुढे जाते, पण पहिल्या दिव्यातून काही उचलून नेलं जात नाही.

व्हिडिओ कलावंत नाम जून पाइक यांनी १९७४ साली 'टीव्ही बुद्ध' मांडला. जुनी बुद्धमूर्ती, समोर टीव्ही, मूर्तीवर रोखलेला कॅमेरा. त्यात टेप नाही, मूर्ती आपलं त्या क्षणाचंच चित्र बघते.

आता एक पाऊल पुढे जा. कॅमेरा त्याच्याच पडद्यावर रोखा. जुना काचेचा टीव्ही घ्या, खोलीत अंधार करा, कॅमेरा तिपाईवर साधारण मीटरभर अंतरावर ठेवा. ऑटोफोकस, ऑटो-एक्स्पोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स तिन्ही बंद. नाहीतर कॅमेरा स्वतःच उजेड कमीजास्त करत राहतो आणि चित्र धडधडतं. आपल्याकडच्या पाल टीव्हीला शटर १/५० ठेवा, म्हणजे काळे पट्टे सरकणार नाहीत. पडदा चौकट जेमतेम भरेल इतका झूम करा, कॅमेरा ६० अंश तिरका करा आणि मध्ये क्षणभर काडी पेटवा. काडी विझते, तरी पडद्यावर सहा पाकळ्या फिरत राहतात. आयरिस, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं लहानमोठं होणारं भोक, जास्त उघडला तर दर फेरीला उजेड वाढतो आणि पडदा पांढरा फटक होतो. कमी केला तर काळा. मधल्या अगदी चिंचोळ्या जागेतच फूल टिकतं. एलसीडी लावलात तर प्रत्येक फेरीला उशीर होतो, चित्र संथ होतं. ते वाईट नाही, पण वेगळं आहे.

वेळ संपत आल्याची खूण होतेय, तेव्हा अजिंठा घाईत. १७ क्रमांकाच्या लेण्यात, व्हरांड्याच्या डाव्या टोकाला, पाचव्या शतकातलं भवचक्र आहे, बरंचसं झडलेलं. पूर्वी लोक त्याला राशिचक्र समजत. अशा चक्राच्या बाहेरच्या कड्यात परंपरेने बारा निदानं, म्हणजे कारणसाखळीतले दुवे, येतात: अविद्येला आंधळा, संस्काराला मडकी घडवणारा कुंभार, विज्ञानाला (जाणिवेला) माकड. प्रत्येक निदान पुढच्याचं कारण आहे. आणि तृष्णा क्षीण झाली की उपादान (घट्ट धरून ठेवणं) उरत नाही, उपादान नसलं की भव (पुढचं होणं) नाही. आपल्या मांडणीत तृष्णेच्या जागी आयरिस आहे. तो किंचित मिटला की पाकळ्या काही फेऱ्यांत आपोआप विरतात. लूपमध्ये ही सोयच नाही, तिथे प्लगच उपटावा लागतो.

मागच्या टेबलावर कॅमेरा आणि टीव्ही जोडून ठेवलाय. आयरिसचं कडं हळू फिरवा, एकदम नको.