तुमच्या खड्याला किती टक्के?

नमस्कार श्रोतेहो. खानापूरच्या भातशेतीत राबणारा असो की अथणीच्या उन्हात ऊस तोडणारा, मुतखड्याची कळ एकदा सोसलेला माणूस ती विसरत नाही. मी संख्याशास्त्र शिकवते. आज बोलणार आहे चिरफाड न करता खडा फोडण्याच्या उपचाराबद्दल, म्हणजे लिथोट्रिप्सीबद्दल.

शरीराबाहेरून आघातलहरी सोडून माणसाच्या मूत्रपिंडातला खडा पहिल्यांदा फोडला गेला १९८० साली, म्युनिकमध्ये. तेव्हापासूनच्या नोंदी सांगतात, की सगळेच खडे सारखे फुटत नाहीत. म्हणून ‘यश किती टक्के?’ एवढंच विचारू नका. ‘डॉक्टर, माझ्यासारख्या खड्याला किती टक्के?’ असं विचारा. खडा २० मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, तर सहसा दुर्बिणीचा मार्ग बरा. मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यातला खडा फुटतो, पण त्याचे तुकडे बाहेर पडायला कठीण. सिटी स्कॅनवर खड्याची घनता १००० हाऊन्सफिल्डच्या, म्हणजे स्कॅनमधल्या घनतेच्या एककाच्या, वर गेली, किंवा कातडीपासून खडा फार खोल असला, तरी यशाची शक्यता घटते. या सगळ्या मापांचा एकत्र हिशेब मांडला, की उपचाराआधीच अंदाज येतो आणि वाया जाणारी खेप टळते.

हा अंदाज तुमच्याआधीच्या रुग्णांच्या नोंदींवर उभा असतो, आणि आपल्या सीमाभागात नेमक्या त्याच तुटतात. उपचार बेळगावात होतो, पुढची कळ आली की माणूस मिरजेला नाहीतर कोल्हापूरला जातो. समजा, १०० जणांवर उपचार झाले, ६० फेरतपासणीला आले आणि त्यातल्या ४८ जणांचा खडा गेला. यश ८० टक्के म्हणायचं? न आलेले ४० जण बरे झाले की दुसऱ्या दवाखान्यात गेले, हे कळलंच नाही. खरा आकडा ४८ पासून ८८ पर्यंत कुठंही असू शकतो.

कळ थांबली म्हणून जाणं टाळू नका. वेदना नसतानाही अडकलेला तुकडा मूत्रपिंड खराब करू शकतो. कुळथाचं कढण घेत असाल, तरी ठरल्या तारखेला सोनोग्राफी करून घ्या. दवाखाना बदललात, तर जुन्या स्कॅनची फाईल सोबत न्या आणि नव्या ठिकाणी काय निघालं ते पहिल्या डॉक्टरांना फोन करून कळवा. तेवढ्यानं त्यांच्या वहीतली रिकामी ओळ भरेल.