तिसरी फेरी

[दृश्य: अरुंद जिना. पाठीवर सॅक, हातात टॅबलेट. पावलांचा आवाज.]

चौथा मजला. लिफ्ट बंद. या ताई सर्वेक्षणाच्या इंटरव्ह्यूअर आहेत. त्यांच्या कामाला या धंद्यात नुसतं 'फील्ड' म्हणतात. सॅकमध्ये कपडे धुण्याच्या लिक्विडची एक बाटली आहे, अजून बाजारात न आलेली. शो कार्डांचा, म्हणजे उत्तरांचे पर्याय छापलेल्या कार्डांचा गठ्ठा आहे, ओळखपत्र आहे.

या दाराशी त्या आपल्या मनाने आलेल्या नाहीत. कुठून सुरुवात करायची ते ऑफिसने ठरवून दिलं. तिथून उजवा हात धरून चालायचं, मधली ठरलेली घरं सोडायची आणि मग बेल वाजवायची. तळमजल्यावरचं, कुत्रा नसलेलं, आधीच उघडं असलेलं दार कितीही खुणावू दे, ते घ्यायचं नाही.

[दृश्य: दार उघडतं. टॅबलेटवर बोट.]

दार उघडणारे गृहस्थ बोलायला तयार आहेत. त्यांना वेळही आहे. तरी ताई बाटली बाहेर काढत नाहीत. आधी विचारतात, "घरात अठरा वर्षांवरचे कोणकोण राहतात?" चौघांची वयं टॅबलेटमध्ये जातात आणि टॅबलेट एकीचा नंबर काढतो. क्रमांक तीन. क्रमांक तीन कामावर गेलेली आहे, रात्री येते.

"मग मला विचारा की," गृहस्थ म्हणतात.

नाही विचारता येत.

[दृश्य: जुन्या छापील तक्त्याचा क्लोजअप. आडव्या-उभ्या ओळी, आकडे.]

घरातलं कोण, हे असं ठरवायची रीत टॅबलेटच्या कितीतरी आधीची. 1949 साली लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञांनी ती मांडली. जन्म तेव्हाच्या हंगेरीतला, किशोरवयात कुटुंबाबरोबर अमेरिकेत आलेले, मध्येच स्पेनच्या यादवी युद्धात लढून परतलेले. त्यांनी इंटरव्ह्यूअरच्या हाती एक तक्ता दिला. घरातली मोठी माणसं त्यात ठरलेल्या क्रमाने लिहायची. आधी पुरुष, मग बायका, दोन्हीकडे थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. या घरासाठी आधीच नेमलेल्या ओळीत जो क्रमांक येईल, बोलायचं त्याच्याशीच. दारात कोण उभं आहे, कोण गोड बोलतंय, याला काही किंमत नाही. आजही फील्डवरची मंडळी याला 'किश ग्रिड' म्हणतात. किश कोण होते हे त्यातल्या फारच थोड्यांना माहीत असतं.

एवढा खटाटोप कशाला? सकाळी अकरा वाजता दार उघडतो तो सकाळी अकरा वाजता घरी असणारा माणूस. अशाच माणसांशी बोलत राहिलं, तर अख्ख्या बाजाराच्या नावाखाली घरी असणाऱ्यांचंच मत हाती लागतं.

ताई जिना उतरतात. ही पहिली फेरी.

[दृश्य: ऑफिस. पांढरा फळा, तीन रकाने. मार्करची करकर.]

या जिन्याचा निर्णय इथे होतो. तीन रकाने: दारोदार, फोन, लिंक (म्हणजे मोबाइलवर पाठवलेली ऑनलाइन प्रश्नावली). खाली खर्च, दिवस, सॅम्पल (किती माणसांना विचारायचं). लिंकचा रकाना सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात झटपट, दारोदारचा सगळ्यात महाग. फळ्यावर जे लिहिलेलं नाही ते एवढंच, की दारोदारच्या खर्चातला मोठा वाटा पुन्हा पुन्हा जाण्याचा असतो. बजेट आवळायची वेळ आली की पहिली कात्री तिथेच लागते. "एकदा जा, नाही भेटला तर शेजारचं घर घ्या." हे वाक्य आम्ही त्या खोलीत ऐकलं. कॅमेरा तेव्हा फळ्यावर होता.

[दृश्य: कॉल सेंटर. हेडसेटची रांग. एकच आवाज पुन्हा पुन्हा: "नमस्कार, आपली दहा मिनिटं..."]

फोनवर जिना चढायचा नसतो. डिरेक्टरीत नाव नसलेली माणसंही इथे सापडतात, कारण यंत्रच आकडे जुळवून नंबर तयार करतं. 1970च्या दशकात वॉरन मिटोफ्स्की आणि जोसेफ वॅक्सबर्ग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी या पद्धतीला नेटकं गणिती रूप दिलं, आणि पुढची कित्येक वर्षं फोनचं राज्य होतं. मग लोकांनी अनोळखी नंबर उचलणं सोडलं. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेने आपल्याच फोन सर्वेक्षणांचा हिशोब मांडला आहे: 1997 साली प्रतिसाद 36 टक्के, 2018 साली 6 टक्के.

प्रतिसाद कमी म्हणजे उत्तर चुकलंच, असं नाही. न उचलणारे हे उचलणाऱ्यांसारखेच असतील तर निभावून जातं. पण ते तसे आहेत का, हे सांगायला ते फोन उचलत नाहीत.

शिवाय फोनवर बाटली दाखवता येत नाही. पर्याय वाचून दाखवावे लागतात, आणि लांब यादी कानावर पडली की शेवटचे पर्याय लक्षात राहतात. हेच पर्याय कार्डावर छापले की डोळा वरच्या ओळींवर अडतो. म्हणून ताईंच्या गठ्ठ्यात एकाच प्रश्नाची दोन कार्डं आहेत. एकावर यादी सुलटी, दुसऱ्यावर उलटी.

[दृश्य: मोबाइलचा पडदा, अंगठ्याचा क्लोजअप. वीस ओळींचा प्रश्न.]

हा अंगठा पाहा. वीस विधानं, प्रत्येकापुढे पाच गोल. अंगठा मधल्या गोलावरून सरळ खाली उतरतो, एकदाही न अडखळता. लिंकवाल्यांना हे ठाऊक आहे. अशी उत्तरं ते गाळतात, फार वेगाने संपवणाऱ्यांना बाद करतात. पण मुळात हा माणूस पॅनलमध्ये, म्हणजे उत्तरं द्यायला नाव नोंदवलेल्यांच्या यादीत, स्वतःहून आलेला आहे, त्याला कुणी निवडलेलं नाही. हजार माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली, तर आकडा साधारण तीन टक्क्यांनी इकडेतिकडे होईल, असं 95 टक्के खात्रीने सांगता येतं. ते गणित चिठ्ठ्यांचं आहे. आपल्या पायाने चालत आलेल्या हजारांना ते लावता येत नाही, तरी अहवालाच्या तळटीपेत ते सर्रास लावलेलं दिसतं.

लिंकचं एक मात्र मान्य करायला हवं. तिथे समोर कुणी नसतं. आपण टापटीप आहोत, काटकसरी आहोत, असं कुणाला भासवायची गरज नसते. तोंडावर "दोनदा धुतो" म्हणणारा पडद्यावर "जमलं तर" लिहितो. पैसे, आजार, दारू असे विषय निघाले की ताईही टॅबलेट समोरच्याच्या हातात देतात आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून बसतात. हा भाग कापा, यात काही घडत नाही, असं दोघांनी सुचवलं. आम्ही ठेवला.

[दृश्य: खिडकी. ताईंची पाठ. नऊ सेकंद, निवेदन नाही.]

तिन्ही पद्धती एकत्र वापरायची रीतही आता रुळली आहे. त्यात अडचण अशी, की फरक माणसांचा आहे की विचारण्याच्या पद्धतीचा, हे नंतर सहजासहजी वेगळं काढता येत नाही. चालू अभ्यासाची पद्धत मध्येच बदलली तर मागच्या वर्षांशी तुलना तुटते. काही काळ दोन्ही समांतर चालवाव्या लागतात, आणि तसं न केल्यामुळे चुकीचे निर्णय झाले आहेत, माल पडून राहिला आहे.

[दृश्य: तोच जिना. अंधार. टॅबलेटचा उजेड चेहऱ्यावर.]

दुसऱ्या फेरीत घराला कुलूप होतं. ही तिसरी. रात्रीचे साडेनऊ. ही वेळ गृहस्थांनीच फोनवर कळवली होती.

[दृश्य: दार. क्रमांक तीन.]

ताई बाटली तिच्या हातात देतात. झाकण दाबून फिरवायचं आहे. तिचा अंगठा घसरतो. पुन्हा घसरतो. ती बाटली पोटाशी धरते, रुमाल झाकणाभोवती गुंडाळते आणि जोर लावते. मग कार्ड बघून सांगते, "सोपं आहे."

टॅबलेटवर 'सोपं' नोंदलं जातं. त्याच्या खाली 'निरीक्षण' नावाचा एक कोरा चौकोन आहे. ताई तिथे टाइप करतात: तीन प्रयत्न, रुमाल.

"आणखी काही?"

ती मान हलवते. ताई टॅबलेट मिटत नाहीत, नुसत्या थांबतात. ट्रेनिंगमध्ये हे शिकवतात, पण बहुतेकांना ते जमत नाही.

"मी धुते रात्री," ती म्हणते. "सगळे झोपलेले असतात. मशीन नाही लावत, आवाज होतो. हातानेच. आणि हात ओले असले ना, की हे असलं झाकण..."

[दृश्य: तिचे हात. निवेदन इथे थांबतं. मूळ आवाज चालू.]