मृत्युपत्रात नसलेल्या मुली

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकेतल्या जुन्या घराण्याचा मूळ पुरुष शोधताना बरेच जण वरून सुरुवात करतात. १६२०मध्ये इंग्रज वसाहतवाले घेऊन अमेरिकेत आलेल्या मेफ्लॉवर जहाजावरचं ओळखीचं आडनाव धरायचं आणि तिथून स्वतःपर्यंत यायचं. असं जुळवलेलं नातं पुढे हमखास तुटतं. शोध स्वतःपासून मागे न्यावा, एका वेळी एकच पिढी, आणि प्रत्येक मुलामागे त्याचे आईबाप कोण हे सांगणारा कागद हवा.

अमेरिकेच्या जनगणनेचे कागद ७२ वर्षांनी खुले होतात. आज १९५०पर्यंतचे पाहता येतात. १८८०पासून कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं लिहिलेलं आहे. १८५०च्या जनगणनेत घरातल्या स्वतंत्र माणसांची नावं आहेत, नातं नाही. म्हणून त्यात दिसणारी प्रत्येक लहान मुलगी त्या घरची लेक समजू नये, ती भाचीही असेल. त्याआधी, १७९०पर्यंत मागे, फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे आकडे. त्यापलीकडे मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या, खरेदीखतं आणि गावच्या जन्ममृत्यूच्या वह्या.

आता जॉन हाउलंड हा माणूस घेऊ. मेफ्लॉवरवर तो जॉन कार्व्हर यांचा नोकर म्हणून आला. कार्व्हर तिथल्या प्लिमथ वसाहतीचे पहिले गव्हर्नर झाले. हाउलंडची बायको एलिझाबेथ ही कार्व्हर यांचीच मुलगी, असं कित्येक पिढ्या सांगितलं जाई. गव्हर्नरचा जावई म्हणवून घ्यायला कोणाला आवडणार नाही? पुढचे गव्हर्नर ब्रॅडफर्ड यांचं हस्तलिखित मात्र १८५५मध्ये लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडलं. त्यात प्रवाशांची यादी आहे आणि स्पष्ट लिहिलं आहे की हाउलंडने जॉन टिलीच्या मुलीशी, एलिझाबेथशी, लग्न केलं. तिचे आईबाप पहिल्याच हिवाळ्यात वारले होते. ऐकीव माहिती टाकून देऊ नये, पण तिच्यावर पुढची पिढी उभी करू नये ती यासाठी.

तारखांनी तर भलेभले फसतात. १७५२पर्यंत इंग्रजी वसाहतींत वर्ष बदले २५ मार्चला; आपला पाडवाही साधारण त्याच सुमारास येतो. त्यामुळे जानेवारीपासून २४ मार्चपर्यंतच्या तारखेला दोन वर्षं जोडून लिहितात. हाउलंड वारला २३ फेब्रुवारी १६७२/७३ रोजी, म्हणजे आजच्या हिशेबाने १६७३मध्ये. कोणी नुसतं १६७२ उतरवून घेतलं, की घोटाळा झालाच: त्याचं मृत्युपत्र २९ मे १६७२चं आहे, म्हणजे मेल्यावर तीन महिन्यांनी केलेलं ठरतं! महिने आकड्यांत असतील तर पहिला महिना मार्च आणि बारावा फेब्रुवारी. उतारा काढताना तारीख जशी दिसते तशीच लिहा, आपला अर्थ शेजारी वेगळा लिहा. नावापुढे सीनियर, ज्युनियर दिसलं तरी बाप-लेक समजू नये. गावात एकाच नावाचे दोघे असले की थोरला आणि धाकटा एवढाच त्याचा अर्थ असे.

कागद कुठे मिळेल, हेही माणूस शेवटी कुठे राहिला यावर ठरतं. हाउलंडची नोंद प्लिमथ वसाहतीच्या दप्तरात आहे. त्याची विधवा मात्र अखेरीस लिडिया या लेकीकडे स्वान्सीला राहिली, म्हणून तिचं १६८६चं मृत्युपत्र ब्रिस्टल काउंटीच्या दप्तरात मिळतं. थोरल्या मुलाला पाच पौंड, एक पुस्तक, चादरींची जोडी, उशांच्या अभ्र्यांची जोडी, असं बारकाईने वाटून दिलं आहे.

ही दोन्ही मृत्युपत्रं शेजारी ठेवून वाचा. वडिलांच्या कागदात सहा मुली आहेत, आईच्या कागदात तीनच. जिने फक्त दुसरा कागद पाहिला, तिच्या वंशावळीतून डिझायर, होप आणि रूथ गळतात. डिझायर आणि होप १६८३-८४च्या सुमारास वारल्या होत्या आणि रूथ त्याआधीच. आईचं मृत्युपत्र झालं तेव्हा तिघीही हयात नव्हत्या.