डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली, आता पुढे काय?

रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे जवानांच्या नोकरीचे कागद सांभाळणाऱ्या सैन्याच्या ऑफिसचं पत्र येतं, मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान असेल तर बेळगावहून, आणि त्यात लिहिलेलं असतं की तुमचा आजार नोकरीमुळे झालेला नाही, नोकरीमुळे वाढलेलाही नाही, सबब डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर. घरचे ते पत्र ट्रंकेत ठेवून देतात. सरकारने नाही म्हटलं, विषय संपला. पण खरं तर लढाईला इथून सुरुवात होते.

पेन्शनसाठी दोन गोष्टी बघतात. अपंगत्व २० टक्के किंवा जास्त हवं, आणि त्याचा नोकरीशी संबंध हवा, म्हणजे नोकरीमुळे झालं असेल किंवा आधीचं असून नोकरीत वाढलं असेल तरी चालतं. टक्केवारीवरून फारसं अडत नाही हो, अडतं ते या दुसऱ्या गोष्टीवर. ब्लड प्रेशर आहे? तुम्ही तर पीस स्टेशनला, म्हणजे शांततेच्या भागात होता. फिट येतात? जन्मजात असणार.

फिटचीच केस बघा. धरमवीर सिंग, सैन्याच्या सिग्नल्समध्ये (संदेशवहन विभागात) १९८५ ला भरती, १९९४ ला एपिलेप्सी (फिट येण्याचा आजार) म्हणून बोर्ड आउट, म्हणजे मेडिकल कारणावरून नोकरीतून बाहेर, अपंगत्व २० टक्के, पेन्शन नाही. हिमाचल हायकोर्टात एका न्यायमूर्तींनी बाजूने निकाल दिला, मग खंडपीठाने तो फिरवला, आणि शेवटी जुलै २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना पेन्शन दिली. एकोणीस वर्षं गेली, माणूस म्हातारा व्हायला लागतो तोवर. पण कोर्टाने जे म्हटलं ते आजही प्रत्येक वकील पहिल्या पानावर लावतो. भरतीच्या वेळी सैन्याच्याच डॉक्टरांनी तपासलं ना? तेव्हा कागदावर कुठल्याही आजाराची नोंद नाही ना? मग नंतर झालेला आजार नोकरीतलाच धरायचा, आणि तसा नाही म्हणायचं असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. मेडिकल बोर्डाने, म्हणजे अपंगत्व तपासणाऱ्या सैन्याच्या डॉक्टरांच्या मंडळाने, कारण पण लिहिलं पाहिजे, नुसतं जन्मजात एवढं लिहून भागत नाही.

म्हणून सगळ्यात आधी मेडिकल बोर्डाच्या प्रोसिडिंगची पूर्ण कॉपी मागवा, रेकॉर्ड ऑफिसकडून, नाही दिली तर आरटीआय टाका. त्यात कारणाचा रकाना वाचा, बऱ्याचदा एका ओळीत उरकलेलं असतं. जखमेची केस असेल तर इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे (सैन्याच्या अंतर्गत चौकशीचे) कागद पण लागतील. मग पहिलं अपील, तेही नाकारलं तर दुसरं. सहा महिन्यांची मुदत असते, पाळलेली बरी. आणि अपील करून सहा महिने उत्तरच आलं नाही तर बसून राहू नका, आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे सैन्यातल्या लोकांच्या खटल्यांसाठीच्या खास न्यायाधिकरणात जाता येतं. मुंबईत त्याचं बेंच आहे, गोव्याच्या केसेस पण तिथेच येतात.

आणि केस जिंकलात तर राउंडिंग ऑफ मागायला विसरू नका. २० ते ५० च्या आतलं अपंगत्व ५० टक्के धरतात, ५० ते ७५ असेल तर ७५, त्याच्या वर १००. आधी हे फक्त मेडिकलवर बाहेर काढलेल्यांना मिळायचं, सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या राम अवतार निकालानंतर पूर्ण नोकरी करून रिटायर झालेल्यांनाही लागू झालं.

सरकार तरी अपिलात जातंच. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये हे खटले कमी कसे करायचे यासाठी त्यांनी समिती नेमली होती, तिने अशा अपिलांवर टीका पण केली, पण प्रकार काही थांबला नाही.

आता ज्यांना वाटतंय की आम्हाला उशीर झाला त्यांच्यासाठी. तरसेम सिंग १९८३ ला सैन्यातून बाहेर पडले आणि कोर्टात गेले १९९९ ला. २००८ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, पेन्शन दर महिन्याला मिळायची गोष्ट आहे, त्यामुळे हक्क उशिरानेही मागता येतो, थकबाकी मात्र केस टाकायच्या आधीच्या तीन वर्षांचीच.