बुद्धिबळ आहे ना, मग खेळू दे!

नमस्कार मंडळी. आज मला दिलेला प्रश्न असा आहे, की बुद्धिबळाचं व्यसन लागू शकतं का? उत्तर आधीच सांगतो. लागू शकतं. इंदुरात मी बरीच वर्षं मुलांना हा खेळ शिकवतो आहे, माझा त्याच्यावर फार जीव आहे, आणि म्हणूनच हे उत्तर मला आडपडदा न ठेवता द्यायचं आहे. आपल्या मराठी घरांत बुद्धिबळाला इतका मान आहे, की त्याच्या बाबतीत ही शंका कुणाच्या मनातच येत नाही. रात्री एक वाजता मुलगा पांघरुणात मोबाइल घेऊन पडलेला दिसतो. आई विचारते, "काय रे चाललंय?" तो म्हणतो, "बुद्धिबळ." मग आई दिवा मालवून निघून जाते. बुद्धिबळ आहे ना, मग खेळू दे! तोच मुलगा बंदुकांचा गेम खेळताना सापडला असता, तर मोबाइल तिथल्या तिथे काढून घेतला असता.

आपल्या भंवरकुआँच्या भागात एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची), जेईईची तयारी करणारी मुलं खोल्या घेऊन राहतात. त्यांतली काही माझ्याकडे येतात, ती खेळ शिकायला नव्हे, सल्ला विचारायला. सांगणं साधारण सारखंच असतं. "सर, जेवण झाल्यावर एक डाव खेळू म्हणून बसतो, आणि उठतो तेव्हा बाहेर दूधवाले फिरायला लागलेले असतात." मी त्यांना विचारतो, "काल रात्रीचा एखादा डाव पटावर मांडून दाखवशील?" बहुतेकांना एकही डाव आठवत नसतो. मला काळजी वाटते ती इथे. बुद्धिबळ खेळणाऱ्याला आपला हरलेला डाव सहसा विसरता येत नाही. कुठे घोडा चुकीच्या घरात गेला, कुठे प्यादं उगाच पुढे ढकललं, हे त्याला दोन दिवस छळत राहतं. रात्रभर खेळून काहीच आठवत नसेल, तर त्या रात्री त्या मुलानं बुद्धिबळ खेळलंच नाही असं मी म्हणेन.

जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या नव्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराला जागा दिली. 2019 साली ते मंजूर झालं आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. त्यात पाहण्याच्या गोष्टी तीन आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकीच्या कामांपेक्षा आणि आवडींपेक्षा खेळ वरचढ होत जाणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणं. हे साधारण वर्षभर टिकलेलं असावं आणि घर, शिक्षण, नोकरी यांची खरोखर हानी झालेली असावी. व्याख्या डिजिटल खेळांची आहे, त्यामुळे मोबाइलवरचं बुद्धिबळ तिच्यात येऊ शकतं आणि लाकडी पट येत नाही.

या व्याख्येत तासांचा आकडा कुठेही नाही, हे इथे बसलेल्या पालकांनी नीट लक्षात घ्यावं. गुकेशची नियमित शाळा चौथीनंतर सुटली होती, आणि 2024 च्या डिसेंबरमध्ये सिंगापूरला तो अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. आपली नागपूरची दिव्या देशमुख 2025 साली जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हम्पीसारख्या खेळाडूला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकली, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. या मुलांनी पटापुढे किती तास घातले असतील याचा विचार करा. त्याला व्यसन म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांचा दिवस खेळाभोवती बांधलेला असतो. त्यात झोप असते, व्यायाम असतो, प्रशिक्षक असतो, आणि हरलेल्या डावाचा अभ्यास असतो. तुमची मुलगी रोज चार तास पटाशी बसत असेल, पण वेळेवर जेवते, झोपते, मैत्रिणींत रमते आणि हाक मारल्यावर उठून येते, तर कृपा करून तिच्या कपाळी व्यसनाचा शिक्का मारू नका.

ताबा सुटणं म्हणजे काय, हे आपल्याकडे फार पूर्वी कुणीतरी ओळखलं होतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावं सूक्त जुगाऱ्याचं आहे. तो म्हणतो, आता खेळायचं नाही असं मी ठरवतो, मित्र निघून जातात, मी मागे राहतो; पण फासे पडल्याचा आवाज आला की माझे पाय तिकडे वळतातच. त्याची बायको दुःखात आहे, आई दुःखात आहे, आणि आईबाप-भाऊ म्हणतात, याला आम्ही ओळखत नाही. ताबा सुटणं, खेळ वरचढ होणं आणि नुकसान दिसूनही न थांबणं, तिन्ही खुणा त्या सूक्तात आहेत.

आता कुणी म्हणेल, तो फाशांचा खेळ, तिथे नशीब असतं. बुद्धिबळात नशिबाचा काय संबंध? माझ्या मते सगळ्या विषयाची गाठ इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

अर्पाद एलो नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी खेळाडूंची ताकद मोजायची पद्धत बसवली, आणि 1970 साली फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, ती स्वीकारली. तेच आपलं रेटिंग. त्याचं गणित असं, की दोघांचं रेटिंग सारखं असेल तर प्रत्येकाला निम्म्या गुणांची अपेक्षा. रेटिंगमध्ये दोनशेचा फरक असेल तर वरच्याला शंभर डावांत सुमारे 76 गुणांची. मोबाइलवर तुम्ही ‘नवा डाव’ दाबलात की यंत्र तुमच्याच रेटिंगचा माणूस शोधून देतं. जिंकलात की रेटिंग वाढतं आणि पुढचा प्रतिस्पर्धी थोडा वरचा मिळतो, हरलात की थोडा खालचा. म्हणजे तुम्ही कितीही चांगले झालात तरी जिंकण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास घुटमळत राहणार. प्रत्येक चाल कौशल्याची आहे, यात शंका नाही. पण पुढचा डाव मी जिंकणार का, याचं उत्तर नाणं उडवल्याइतकं अनिश्चित होऊन बसतं. आणि बक्षीस कधी मिळेल हे सांगता येत नसलं की ती सवय मोडायला सर्वांत अवघड जाते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं. जुगाराची यंत्रं याच तत्त्वावर चालतात.

त्यात वेळेची भर घाला. स्पर्धेतला पूर्ण लांबीचा डाव चार-चार तास चालतो आणि दिवसाला एक, फार तर दोन फेऱ्या होतात. डाव संपला की डोकं शिणलेलं असतं, माणूस आपणहून उठतो. मल्हारगंजातल्या ओटल्यावर दोघं खेळायला बसले तरी संध्याकाळी एकाला घरून बोलावणं यायचंच. मोबाइलवर मिनिटा-मिनिटाची ‘बुलेट’ खेळलात तर एक डाव जास्तीत जास्त दोन मिनिटांचा, म्हणजे तासाला तीस. तीस वेळा ती जिंकू-का-हरूची धडधड! आणि समोरचा कधी उठून जात नाही, कारण रात्री अडीच वाजता कुठल्या ना कुठल्या देशात दिवस असतोच.

हरल्यावर तर उठवतच नाही. रेटिंगचे गेलेले आठ गुण परत मिळवायचे म्हणून दुसरा डाव, त्यात आणखी आठ गेले म्हणून तिसरा. हात थरथरतात, वजीर फुकट जातो, तरी बोट त्या बटणावरच. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला तो आकडा म्हणजे आपली किंमत वाटू लागते. रेटिंग पडलं म्हणून दिवसभर न बोलणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्याशी तेव्हा खेळाबद्दल बोलू नये, त्यांना जवळ घेऊन बसावं.

जुन्या काळातही हे नव्हतं असं नाही. फ्रेंच चित्रकार मार्सेल द्यूशाँ बुद्धिबळात इतका बुडाला, की 1927 साली लग्नानंतर लगेच तो रात्र-रात्र पटाशी बसायचा, आणि वैतागलेल्या बायकोनं एका रात्री सगळी प्यादी-मोहरी पटाला चिकटवून टाकली, अशी आठवण सांगितली जाते. लग्न वर्षभरही टिकलं नाही. पण हाच माणूस बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये फ्रान्सकडून खेळला आणि डावाच्या अखेरच्या टप्प्यावर त्यानं एका सहलेखकासह पुस्तकही लिहिलं. तो व्यसनी होता का? त्या बायकोच्या बाजूनं पाहिलं तर मला हो म्हणावंसं वाटतं. म्हणून घरच्यांचं म्हणणं मी नेहमी खेळणाऱ्याच्या म्हणण्याआधी ऐकतो.

पैसे लावून खेळण्याबद्दल थोडक्यात. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. मला तो कायदा योग्य वाटतो.

मग करायचं काय? खेळ तोडू नका. कित्येकदा मुलगा बुद्धिबळाकडे धावत नसतो, तो दुसऱ्या कशापासून पळत असतो. परीक्षेची भीती असते, परक्या गावातला एकटेपणा असतो. ॲप काढून टाकलं तर तो दुसरीकडे लपेल. पहिल्यांदा डावाची लांबी वाढवा: बुलेट बंद, पंधरा मिनिटांच्या खालचा डाव नको. दुसरं, हरलेला डाव पहिल्या चालीपासून पाहिल्याशिवाय नवा सुरू करायचा नाही. ही एवढी एक अट रात्रीचे तीस डाव तीनावर आणते, आणि खेळही सुधारतो. काही ठिकाणी रेटिंग लपवायची सोय असते, ती वापरा. मोबाइल रात्री दिवाणखान्यात, आईबाबांचासुद्धा. आणि झोप, अभ्यास, जेवण सगळंच कोलमडलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लाजू नका. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर फुकट आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

इथल्या कार्यकर्त्यांना माझी एक विनंती आहे. हा हॉल रविवारी सकाळी रिकामा असतो. दहा पट आणि दहा घड्याळं मी आणतो. डाव तासाचा, आणि संपल्यावर दोघांनी मिळून तो पुन्हा मांडायचा. आजोबा, मुलं, मुली, भंवरकुआँची पोरं, सगळ्यांनी यावं. ज्यांना नाव नोंदवायचं आहे त्यांनी आत्ता थांबा, आणि कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.