सोपा पोकेमॉन मोजायचा की नाही?

नमस्कार श्रोतेहो. आज मी एका भांडणात बाजू घ्यायला आले आहे. भांडण घरगुती आहे, मुलुंडला आमच्याच बैठकीच्या खोलीत रंगलेलं. पण ज्या ज्या घरात व्हिडिओ गेम खेळणारी दोन वेगवेगळ्या वयांची मुलं आहेत, तिथे हे कधी ना कधी होतंच. एखाद्या गेमची गाजलेली मालिका असते. कंपनी तिच्यातला एक भाग मुद्दाम सोपा करून काढते, नवख्यांना जमावा म्हणून. मग तो भाग मालिकेत धरायचा की नाही? माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, "मावशी, तो काही खरा पोकेमॉन नाही." त्याची मामेबहीण दुसरीत आहे. तिनं तोच गेम पहिल्या गावापासून शेवटच्या लढाईपर्यंत खेळून संपवला, आणि आता ती त्याच्याशी बोलत नाही.

मी धाकटीच्या बाजूनं आहे, हे आधीच सांगून टाकते. ती लहान आहे म्हणून नव्हे हं. तिचं म्हणणं मला पटतं म्हणून.

ज्या गेमवरून हे रामायण झालं त्याचं नाव 'पोकेमॉन: लेट्स गो, पिकाचू'. त्याचंच जुळं भावंड 'लेट्स गो, ईव्ही'. दोन्ही १६ नोव्हेंबर २०१८ ला निन्टेंडो स्विच या यंत्रावर आले. ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. आपल्याकडे पोकेमॉन आलं ते कार्टून म्हणून. २००३ च्या सुमारास शाळेतून घरी आलं की पोरं टीव्हीसमोर बसायची आणि चिप्सच्या पाकिटातल्या चकत्या जमवायची. पण जपानमध्ये आधी आला तो गेम. फेब्रुवारी १९९६ मध्ये 'रेड' आणि 'ग्रीन' असे दोन भाग निन्टेंडो कंपनीच्या गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रासाठी निघाले, कार्टून त्यानंतरचं. गेममध्ये एक मूल घर सोडून निघतं, गावोगाव फिरतं, गवतातले पोकेमॉन नावाचे प्राणी पकडतं, त्यांना तयार करतं, आठ जिमचे, म्हणजे लढतीच्या आखाड्यांचे, आठ उस्ताद हरवतं आणि मग अव्वल चौघांना भिडतं. मुंबईतल्या बहुतेक मुलांना हा गेम मूळ यंत्रावर कधी मिळालाच नाही. घरच्या कॉम्प्युटरवर एम्युलेटर, म्हणजे गेमच्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, टाकून ती 'फायररेड' आणि 'एमराल्ड' हे पुढचे भाग खेळली. ते गेम कुठून आले हे कुणी कुणाला विचारत नसे. निन्टेंडोचा माल इथे यायचा तो कुणाच्या तरी बॅगेतून, नाहीतर लॅमिंग्टन रोडच्या एखाद्या ओळखीच्या दुकानातून, सांगेल त्या भावात. माझा भाचा त्याच एम्युलेटरच्या शाळेत शिकलेला. कुठल्या प्राण्यापुढे कुठला प्राणी काढायचा, हे त्याला झोपेतून उठवून विचारा.

मग २०१६ मध्ये फोनवर 'पोकेमॉन गो' आला. भारतात तो अधिकृतपणे डिसेंबरमध्ये आला, पण जुलैपासूनच शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर माना खाली घालून फिरणारी मंडळी दिसायला लागली होती. ज्यांनी जन्मात गेमचं यंत्र हातात धरलं नव्हतं, ती माणसं अंगठ्यानं चेंडू फेकून प्राणी पकडत होती. या मंडळींना फोनवरून मूळ मालिकेकडे आणायचं कसं, या विचारातून 'लेट्स गो' निघाला. तो गेम फ्रीकनं स्वतः केला. १९९६ पासून मुख्य गेम करणारी हीच मंडळी. दिग्दर्शक जुनिची मासुदा, हेही पहिल्या गेमपासूनचे. कथा १९९८ च्या 'यलो' या जुन्या भागाचीच, कांतो प्रांतही तोच, आणि मूळचे १५१ प्राणी. म्हणजे कुणा तिसऱ्याला कंत्राट देऊन काढलेला हा गेम नाही.

भाच्याचं आरोपपत्र मात्र लांबलचक आहे. प्राण्यांच्या जन्मजात खुब्या काढून टाकल्या. त्यांच्याकडे वस्तू देता येत नाही. पैदास नाही, अंडी नाहीत. मी त्याला विचारलं, या गोष्टी मुळात आल्या कधी? वस्तू आणि पैदास आली १९९९ च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये. खुब्या आल्या २००२ च्या 'रुबी' आणि 'सफायर'मध्ये. ज्या 'रेड'च्या नावानं तुम्ही शपथा घेता त्यात यातलं काहीच नव्हतं. या तीन कारणांनी 'लेट्स गो' बाहेर काढलात, तर १९९६ चा गेमही त्याच दारानं बाहेर जाईल. यावर तो थोडा गप्प बसला, आणि मग त्यानं खरा मुद्दा काढला.

खरा मुद्दा गवतातल्या लढाईचा. जुन्या गेममध्ये रानातला प्राणी समोर आला की आधी त्याच्याशी लढावं लागे. त्याला दमवायचं, पण मारून पाडायचं नाही. जीव अगदी काठावर आणून ठेवायचा, जमलं तर झोपवायचं, आणि मग चेंडू टाकायचा. एक फटका जास्त पडला की प्राणी बेशुद्ध आणि सगळी मेहनत पाण्यात. यात हिशेब होता, धाकधूक होती, आणि आपल्या प्राण्यांची जातकुळी नीट कळत होती. 'लेट्स गो'त रानातल्या बहुतेक प्राण्यांशी ही लढाई नाही. प्राणी उघड्यावर हिंडताना दिसतात, त्यांना जाऊन भिडायचं आणि हात फिरवून चेंडू फेकायचा. भाचा म्हणतो, ही काय हिशेबाची जागा आहे? इथे तर नुसता खांदा दुखतो.

आता धाकटी खेळते कशी ते सांगते, कारण मी ते शेजारी बसून पाहिलंय. ती सोफ्यावर उभी असते. मनगटात कंट्रोलरची दोरी घातलेली, कारण टीव्हीचे हप्ते अजून फिटायचेत आणि आजीचं तिथे बारीक लक्ष असतं. समोर एक झुबॅट फडफडतोय. त्याच्याभोवती एक वर्तुळ आक्रसतंय. वर्तुळाचा रंग लालसर, म्हणजे हा सहज हाती लागणारा नाही. ती आधी त्याला एक बेरी खाऊ घालते. मग चेंडू बदलते, साधा ठेवून चांगल्यातला घेते. झुबॅट डावीकडे सरकतो, ती थांबते. पुन्हा मधे येतो. वर्तुळ अगदी बारीक झालं की हात सुटतो आणि पडद्यावर 'एक्सलंट' उमटतं. मग पुढच्या झुबॅटकडे. एकाच जातीचे प्राणी लागोपाठ पकडत गेलं की त्या जातीतला सरस नग मिळण्याची शक्यता वाढते, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तिचं तिनंच हेरलं. चेंडू मात्र कधीकधी वेडावाकडा जातो. प्राणी कडेला असला की हमखास. त्या वेळी ती जे बोलते ते मी आकाशवाणीवरून सांगू शकत नाही.

तेव्हा हिशेब गेलेला नाही, तो लढाईतून उठून नेमात आणि निवडीत गेलाय. आणि लढाईही पूर्ण गेलेली नाही. रस्त्यात आडवा पडलेला स्नॉरलॅक्स बासरी वाजवून उठवला की आधी त्याला हरवावं लागतं, तेही पाच मिनिटांत. वेळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. धाकटीनं तिथे बरीच आदळआपट केली आणि शेवटी मारामारीच्या प्रकारातला मँकी मुद्दाम वाढवून आणला. कुठल्या प्रकारापुढे कुठला प्रकार चालतो, हे तिला त्या गेमनंच शिकवलं. पहिल्या जिमच्या दारात एक माणूस उभा असतो. तुमच्याकडे पाण्याच्या किंवा वनस्पतीच्या प्रकारातला प्राणी नसेल तर तो आत सोडत नाही. भाच्याला हे फार लागलं. 'यलो'मध्ये पिकाचूची वीज त्या जिमचा उस्ताद ब्रॉक याच्या दगडी प्राण्यांवर चालायची नाही, पोरं तिथे हरायची आणि हरून शिकायची. मला विचाराल तर दारातला तो माणूस मलाही आवडलेला नाही. पण पहिल्याच जिमला कंटाळून गेम कायमचा कपाटात गेलेली मुलंही मी पाहिली आहेत.

आणि शेवटाकडे याच सोप्या गेमनं कोपरखळी मारली आहे. अव्वल चौघांना हरवल्यावर प्रत्येक जातीचा एकेक महागुरू भेटतो, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांपुढे त्याच जातीचा आपला एकच प्राणी घेऊन उभं राहावं लागतं. भाच्याला यातल्या काही जणांनी चांगलंच लोळवलं. हे त्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं, धाकटीनं सांगितलं.

सोप्या भागांचं हे प्रकरण पोकेमॉनपुरतं नाही. १९९२ मध्ये स्क्वेअर कंपनीनं आपल्या 'फायनल फँटसी' या गेम-मालिकेच्या नावानं अमेरिकेत 'फायनल फँटसी मिस्टिक क्वेस्ट' काढला. असले गेम तिथल्या लोकांना जड जातात, म्हणून खास सोपा केलेला. शत्रू नकाशावर उघड दिसायचे, हरलात तर तीच लढाई पुन्हा खेळता यायची, किंमतही बाकीच्यांपेक्षा कमी, चाळीस डॉलरच्या आत. तो मुख्य मालिकेत कुणी धरत नाही, आणि मलाही धरावासा वाटत नाही. उलट त्याच्या आदल्या वर्षी जपानमध्ये चौथ्या फायनल फँटसीची 'ईझी टाइप' नावाची सोपी आवृत्ती निघाली, तिला कुणी चौथ्या भागाबाहेर काढलं नाही. आपल्याकडे रात्र उलटेपर्यंत चालणारी संगीत नाटकं आज दादरला अडीच-तीन तासांत बसवतात. पदं गाळतात, प्रवेश कापतात, तरी तिकिटावर नाव तेच असतं आणि प्रेक्षक तेच नाटक पाहून घरी जातो.

नावापुढच्या आकड्यावर तर मुळीच जाऊ नका. जपानमध्ये १९८६ ला निघालेला दुसरा 'सुपर मारिओ ब्रदर्स' इतका अवघड होता की निन्टेंडोनं तो तेव्हा अमेरिकेला पाठवलाच नाही. 'डोकी डोकी पॅनिक' नावाचा भलताच गेम घेतला, त्यातली पात्रं बदलून मारिओ मंडळी बसवली आणि १९८८ मध्ये तोच अमेरिकेत दुसरा मारिओ म्हणून विकला. आता म्हणा याला उपरा! पण त्यातले शाय गाय आणि बर्डो हे शत्रू पुढच्या मारिओंमध्ये घरचे होऊन बसले, आणि खुद्द जपाननं १९९२ ला तो गेम 'सुपर मारिओ यूएसए' म्हणून परत घेतला.

मला कसोटी दिसते ती इथेच. गेम अवघड किती, आकडा कुठला, जाहिरातीत कंपनी काय म्हणाली, हे सगळं बाजूला ठेवा. पुढच्या गेमांनी त्याच्याकडून काय घेतलं ते बघा. 'मिस्टिक क्वेस्ट'कडून पाचव्या-सहाव्या फायनल फँटसीनं काही उचललं नाही. तिथे शत्रू पहिल्यासारखेच अचानक अंगावर येत राहिले. 'लेट्स गो'चं तसं झालं नाही. त्याची घोषणा मे २०१८ मध्ये झाली, तेव्हाच २०१९ च्या उत्तरार्धात मुख्य मालिकेतला वेगळा गेम येणार असंही कंपनीनं सांगून टाकलं. जुन्या खेळाडूंनी त्याचा अर्थ लावला की हा मधला गेम आपला नाही. घोषणेतला तो शब्दप्रयोग कंपनीला टाळता आला असता, अर्ध्या भांडणाचं मूळ तिथेच आहे. ठरल्याप्रमाणे १५ नोव्हेंबर २०१९ ला 'सोर्ड' आणि 'शील्ड' आले. आणि त्यात काय होतं? रानातले बरेच प्राणी उघड्यावर हिंडताना दिसत होते. लढाईतून मिळणारा, प्राण्याला वाढवणारा अनुभव साऱ्या चमूला आपोआप वाटला जात होता, तो बंद करायची सोयच नव्हती. साठवलेले प्राणी चालता चालता काढता येत होते, दर वेळी गावात परतायला नको. हे सगळं 'लेट्स गो'त आधी झालेलं. २०२२ च्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट'मध्ये तर गवतातून अचानक उडी मारणं संपलंच, सगळे प्राणी डोळ्यांसमोर. हात फिरवून चेंडू फेकणं तेवढं पुढे कुणी घेतलं नाही, आणि ते बरंच झालं.

भाच्याचा एक मुद्दा मला खोडता आला नाही, तोही सांगायला हवा. २०१९ च्या पोकेमॉन जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मुख्य लढती 'लेट्स गो'वर झाल्या नाहीत. त्या २०१७ च्या 'अल्ट्रा सन' आणि 'अल्ट्रा मून'वर झाल्या, जुन्या यंत्रावर. नवा गेम हातात असताना जुना काढावा लागला. स्पर्धेच्या दृष्टीनं 'लेट्स गो'त पुरेसा मसाला नाही, हे कबूल. पण मुळात मालिका वाढली ती एकट्यानं, पलंगावर लोळत खेळणाऱ्या मुलांच्या जिवावर, आणि स्पर्धक त्यातले मूठभर.

भाच्याला मी शेवटी एकच गोष्ट करायला सांगितली. फेब्रुवारी २०२० पासून 'पोकेमॉन होम' नावाची सोय आहे. 'लेट्स गो'त पकडलेला प्राणी तिथून 'सोर्ड'मध्ये नेता येतो. जाणं मात्र एकेरी, एकदा गेला की परत नाही. धाकटीनं बराच विचार करून आपला जादा स्नॉरलॅक्स दिला, पहिला नाही. तो आता भाच्याच्या चमूत आहे. त्याच्या माहितीत कुठून आला हे लिहिलेलं असतं, कांतोहून. सध्या भाचा त्याला खुब्या आणि वस्तू देऊन तयार करतोय, आणि २०२२ चा 'लेजेंड्स: आर्सेउस' मालिकेत मोजायचा की नाही यावरून दोघांचं नवं भांडण सुरू झालंय. त्यात मी अजून कुणाची बाजू घेतलेली नाही. नमस्कार.